पेटीचा बोर्ड आणि समोरची भिंत

थोर कलाकृती काळाच्या पावसात टिकून राहते. कलावंत जातो, त्याचे रागलोभ जातात, त्याची मतं जातात. उरते ती कला.

हे वाक्य माझं आहे. एका मानपत्रासाठी मी ते लिहिलं होतं, आणि लिहिताना मला ते खरं वाटत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. ज्यांना ते मानपत्र द्यायचं होतं ते तेव्हा जिवंत होते, आजही आहेत, आणि त्यांची मतं तर त्यांच्याहूनही ठणठणीत आहेत.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त ग्रंथपालाला गावात दोनच कामं मिळतात: कोणाच्या तरी आत्मचरित्राची मुद्रितं तपासणं आणि मानपत्रं लिहिणं. मानपत्राचं काम सोपं असतं, नाव बदललं की बाकीचं जमतं. आमच्या सांस्कृतिक मंडळासाठी मी आतापर्यंत एका वैद्यांना, दोन मुख्याध्यापकांना आणि एका सर्पमित्राला 'समाजाचे दीपस्तंभ' म्हटलेलं आहे. चंद्रपूरपासून समुद्र किती लांब, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

या वेळी मात्र नाव बदलून भागणार नव्हतं. सत्कार पेंटरभाऊंचा होता, आणि पेंटरभाऊ खरोखरच थोर होते.

माझे वडील बल्लारपूरला कागद कारखान्यात होते. त्यामुळे घरात कागद भरपूर आणि त्यावर लिहिण्यासारखं कमी, अशा परिस्थितीत मी वाढलो. अक्षराकडे अक्षर म्हणून मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीला लागल्यावर. ग्रंथालयाच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी रंगवायला पेंटरभाऊ आले होते. बारीक अंगाचे, खिशात चार ब्रश, तोंडात सुपारी. पत्र्यावर त्यांनी आधी खडू लावलेली दोरी ताणली, झटकली आणि रेघ उमटवली. त्या रेघेवर शिरोरेखा ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. आपण सगळे आधी अक्षरं काढतो आणि मग वरची रेघ मारतो. त्यांचं उलटं होतं. रेघ आधी, आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं, वाळत घातलेल्या कपड्यासारखं.

"असं का?" मी विचारलं.

"वजन कळते ना, सर," ते म्हणाले. "अक्षर वरून लटकते. खाली उभं नाई राहत. लोक उभं करतात, म्हणून पडल्यासारखं दिसते."

पाटी इतकी सुंदर झाली की मुलं तिच्याखाली उभी राहून तिच्याबद्दल मोठ्यानं बोलायची.

त्यानंतरची पस्तीस वर्षं मी या शहरात पेंटरभाऊंची अक्षरं वाचत हिंडलो. किराणा दुकानं, दवाखाने, ट्रकच्या पाठी, झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे. कोपऱ्यात सहीच्या जागी ते मोहाचं एक फूल काढायचे, नखाएवढं, फिकट पिवळं. त्या फुलावरून काम ओळखू यायचं, पण त्याची गरज नसायची. एखाद्या दुकानात मला काहीही घ्यायचं नसताना मी थांबलेलो असलो, तर वर पेंटरभाऊंचा बोर्ड आहे असं खुशाल समजावं.

त्यांचं सर्वांत चांगलं काम कोणतं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीच्या, आत एका गल्लीत पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाचे मालक मुसलमान, वय सत्तरीचं, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. गडचिरोलीपासून वडशापर्यंतच्या भजनी मंडळांच्या आणि नाटकवाल्यांच्या पेट्या त्यांच्याकडे येतात. कुठे भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं असतं, कुठे रीड, म्हणजे सुराची पितळी जीभ, बसलेली असते, कुठे पेटीत अख्खा झुरळांचा संसार. मिस्त्री पेटी उघडतात, फुंकर घालतात, कानसीने पितळ घासतात, एक कान जवळ नेतात. स्वतः ते एक ओळही गात नाहीत.

त्यांच्या दुकानावरचा बोर्ड पेंटरभाऊंनी रंगवला तेव्हा दोघेही चाळिशीच्या आसपास होते. मिस्त्री सांगतात की पेंटरभाऊ तीन दिवस नुसते दुकानात बसून उघडी पेटी बघत होते. चौथ्या दिवशी ब्रश उचलला. गडद तांबड्या रंगावर पिवळी अक्षरं, 'पेटी, तबला, ढोलकी', आणि बाजूला एक हार्मोनियम. तिच्या पट्ट्यांमध्ये एक काळी पट्टी दाबलेली आहे. बोट काढलेलं नाही, हातही नाही, पण पट्टी खाली गेलेली आहे आणि तिच्या कडेला केसाएवढी सावली आहे. इतक्या वर्षांत मी ती शेकडो वेळा पाहिली असेल. दर वेळी पेटी वाजून नुकतीच थांबली आहे असं वाटतं.

"काळी दोन," मिस्त्री म्हणतात. "त्याचाच सूर आहे तो. भजनात तिथूनच गाते. आपला सूर माह्या बोर्डावर दाबून गेला."

दर दसऱ्याच्या आधी पेंटरभाऊ येऊन बोर्डावरची कोळशाची धूळ पुसायचे, अक्षरांच्या सावल्या, ज्यांना ते शेड म्हणतात, नव्याने भरायचे आणि वरून व्हार्निशचा हात द्यायचे. आपल्या हातच्या सगळ्याच मोठ्या बोर्डांचं ते असं करत. दसऱ्याला अवजारं पुजतात, तशी ही त्यांची पूजा.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या दुकानासमोरच्या बंद गोदामाच्या भिंतीवर एक मजकूर उमटला. पांढऱ्या चुन्यावर निळी अक्षरं, पुरुषभर उंचीची. एका संघटनेच्या सभांना पेंटरभाऊ काही वर्षांपासून जात होते, हे गावाला माहीत होतं. मजकूर त्या सभांमधला होता. मिस्त्रींच्या समाजाच्या माणसांकडून काही घेऊ नका, त्यांना काही देऊ नका, त्यांना दारात उभं करू नका. तीन ओळी. खाली उजवीकडे मोहाचं फूल.

मी ती भिंत पहिल्यांदा पाहिली ती सकाळी भाजी आणायला जाताना. आणि मला कबूल केलं पाहिजे की मी आधी 'ळ' पाहिला. इतका डौलदार 'ळ' त्यांनी याआधी काढला नव्हता. मग 'ऊ'चा शेपटा पाहिला. मग मी दोन पावलं मागे सरलो, नीट दिसावं म्हणून, आणि मागे सरताना मिस्त्रींच्या दुकानाच्या पायरीला माझी टाच लागली. तेव्हा कुठे मी ते वाचलं.

मिस्त्री आत बसून भात्याला चामडं चिकटवत होते. त्यांनी वर पाहिलं.

"चांगलं लिहिलं ना?" ते म्हणाले.

मी विचारलं, भाजी कशी आहे आज बाजारात. मिस्त्री म्हणाले, ते सकाळपासून दुकानातच आहेत.

तक्रार वगैरे झाली. कोणीतरी अर्ज दिला, कोणीतरी तो घेतला. भिंत खासगी मालकीची, मालक नागपूरला, त्याचा फोन लागेना. मजकूर राहिला. आणि मग एक गोष्ट घडली, जी फक्त आमच्याच गावात घडू शकते. बसस्टँडवर पेटी घेऊन उतरलेल्या भजनी मंडळांना ऑटोवाले दुकानाची खूण सांगू लागले, 'ती मोठ्या अक्षरांची भिंत आहे ना, तिच्या समोर.' आधी दुकान शोधायला लोकांना दोन गल्ल्या फिराव्या लागत. आता एका फटक्यात सापडतं. ज्या भिंतीवर या दुकानात जाऊ नका असं लिहिलं होतं, ती दुकानाचा पत्ता झाली. मूल तालुक्यातून आलेल्या एका मंडळातले म्हातारे टाळकरी ती भिंत कौतुकाने बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

एवढं सगळं माहीत असताना मंडळाने पेंटरभाऊंचा सत्कार ठरवला आणि मी मानपत्र लिहायला घेतलं. याची माझ्याकडे कारणं होती. ग्रंथपालाकडे ती तयार असतात. मोठ्या लेखकांच्या चरित्रांत एक प्रकरण असं असतं की ते वाचताना वाचक खोकतो आणि पान उलटतो. कोणी हुकूमशहाच्या आरत्या ओवाळलेल्या असतात, कोणी शेजाऱ्याच्या विनाशाची सुरेख कविता केलेली असते. ग्रंथालयात आम्ही पुस्तकं विषयानुसार लावतो. लेखकाच्या वागणुकीनुसार लावायची ठरवली तर बरीच कपाटं भाड्याने देता येतील. पस्तीस वर्षं मी असा विचार केला होता, आणि आजही तो साफ चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. फक्त पुस्तकाचा लेखक बहुधा लांबच्या देशात मेलेला असतो. त्याच्या समोर कोणाचं दुकान नसतं.

मंडळाचे अध्यक्ष वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. माणूस प्रेमळ, पण बोलताना प्रत्येक शब्दाला हार घालतात. सत्कारासोबत पेंटरभाऊंच्या कामांचं प्रदर्शन भरवायचं आणि मध्यभागी मिस्त्रींचा बोर्ड लावायचा, ही कल्पना त्यांची. निमंत्रणपत्रिकेवर त्या बोर्डाचा फोटो छापूनही झाला होता. बोर्ड मागायचा राहिला होता.

"तुम्ही जाऊन या," अध्यक्ष मला म्हणाले. "तुमचा त्यांच्याशी ऋणानुबंध आहे."

माझा ऋणानुबंध म्हणजे मी तिथे उभं राहून वर बघतो, एवढाच. तरी गेलो.

दुकानात मिस्त्रींची मुलगी होती. ती भामरागडकडच्या एका गावात शिक्षिका आहे. पावसाळ्यात पूल बुडाले की तिकडेच अडकते आणि सुट्टी लागली की इकडे येते. मी येण्याचं कारण सांगितलं. मिस्त्री काही बोलायच्या आत तीच बोलली.

"घेऊन जा, काका. आजच न्या. फक्त परत आणू नका."

"चूप बैठ," मिस्त्री म्हणाले.

"का चूप बसू? दोन वर्षं झाली सांगतेय, उतरवा तो. समोर ती भिंत आणि डोक्यावर हा बोर्ड. एकाच माणसाच्या हातच्या दोन कामांच्या मध्ये तुम्ही बसता रोज."

"बोर्ड त्याचा नाई. बोर्ड माहा आहे."

"फूल कोणाचं आहे कोपऱ्यात?"

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. "तुले अक्षर कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "मी? मले मराठी धड लिहिता येत नाई. या पायरीवर बसून वरचं बघत बघत पाटी गिरवत होती तू. शेड भरायला आला की आधी रेघ मारायला तोच सांगत होता. शाळेत जायच्या आधी तुले 'ढ' येत होता. अख्ख्या वर्गात 'ढ' येणारी एकटीच."

मुलगी माझ्याकडे वळली. राग होताच, पण तो आता मिस्त्रींवर नव्हता.

"तेच तर, काका. माझ्या शाळेत सगळी मुलं गोंडी बोलणारी. मराठी त्यांना नवी. मी त्यांना आधी वरची रेघ मारायला लावते आणि मग तिला अक्षरं लटकवायला. पोरांना ते आवडतं, म्हणतात, आकाशकंदील लावल्यासारखं आहे. केंद्रप्रमुख विचारतात, मॅडम, ही कोणती पद्धत. मी म्हणायचे, आमच्या घरची. गेल्या वर्षी या भिंतीवर कोणीतरी काळं फासलं, तर तो परत आला लिहायला. मी इथून बघत होते. त्याने आधी रेघ मारली." ती थांबली. "आता सांगा, मी काय करू? पोरांना उलटं शिकवू?"



मिस्त्रींनी बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "सर, बोर्ड देतो. एक गोष्ट करा. या भिंतीचा मोठा फोटू काढा आणि बोर्डाच्या बाजूला लावा. दोन्ही त्याचंच काम आहे. दोन्ही चांगलं आहे. लोक येतील, बघतील."

"नुसता फोटो?"

"खाली काई लिहू नका. फोटूत लिहिलेलंच आहे."

मी ही अट मंडळाच्या बैठकीत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "कलेच्या मंदिरात राजकारणाच्या चपला नकोत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. बैठकीत मान आपोआप हलते. कोषाध्यक्ष म्हणाले की भिंतीचा विषय निघाला तर पेंटरभाऊंना वाईट वाटेल, वयोवृद्ध माणूस आहे, त्यांचा अपमान होईल. हे सगळ्यांना पटलं. पेंटरभाऊंना विचारावं असं कोणाला वाटलं नाही.

पण गाव लहान आहे. दोन दिवसांनी दुपारी मी अट मान्य नसल्याचं सांगायला मिस्त्रींकडे गेलो, तर पेंटरभाऊ पायरीवर उभे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, हातात पिशवी. मिस्त्री आत बसलेले. मुलगी भामरागडला परतली होती. दोन वर्षांत पेंटरभाऊ त्या पायरीवर आले नव्हते.

"काऊन बा मिस्त्री," ते म्हणत होते, "बोर्ड देत नाई म्हणते तू?"

"देतो म्हटलं ना. भिंतीचा फोटू बाजूला लावा म्हटलं."

"मंग लावा. कोण नाई म्हणून राह्यलं?"

"ते, सर लोक."

पेंटरभाऊ माझ्याकडे वळले. "काऊन सर?"

मी म्हणालो, कार्यक्रमात राजकारण नको, असं अध्यक्षांचं मत आहे. तुमची कला एका बाजूला आणि तुमची मतं...

"कुठल्या बाजूला?" पेंटरभाऊ म्हणाले. "ते भित्तीवरचं मी चोरून लिहिलं काय? दिवसा लिहिलं. फूल काढलं खाली. मले जे वाटते ते लिहिलं. बोर्ड मी काढला आणि भित दुसऱ्यानं रंगवली काय? वेगळं तुम्ही करून राह्यले, सर. मी नाई केलं."

आयुष्यात मी कलावंत आणि त्याची मतं यांवर बरंच वाचलं आहे. एवढं स्पष्ट कोणत्याही पुस्तकात नव्हतं. आम्ही ज्यांना त्यांच्या मतांपासून सोडवायला निघालो होतो, त्यांना सुटायचं नव्हतं. भिंतीची लाज आम्हाला वाटत होती. त्यांना ती वाटत नव्हती.

"ऐक," मिस्त्री आतून म्हणाले. "तुझं मत मले दोन वर्षांपासून समोर दिसते. सकाळी दुकान उघडलं की पहिलं तेच वाचतो. मले एक सांग. त्याच्यात मी येतो का नाई येत?"

"तू कुठी येतं त्याच्यात?" पेंटरभाऊ खरोखर चकित झाले होते. "तू मिस्त्री आहे."

"मिस्त्री सोडून, असं नाई लिहिलं तू."

पेंटरभाऊंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. काळा चष्मा कपाळावर चढवला. वरच्या ओळीपासून खालच्या फुलापर्यंत, डावीकडून उजवीकडे, त्यांनी ती कारागिराच्या नजरेने तपासली. मग शांतपणे म्हणाले:

"जागा नव्हती."

ते गंमत करत नव्हते. मिस्त्रींना ते कळलं, म्हणूनच बहुधा ते हसले. मोठ्यानं हसले नाहीत, आतल्या आत, खांदे हलले तेवढेच. मग हसू थांबलं आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. थकलेला म्हणावा, तर तसाही नाही. ज्याच्याबरोबर आयुष्यभर चहा घेतला तो माणूस नेमका केवढा आहे हे कळल्यावर होतो, तसा.

"तेच," मिस्त्री म्हणाले. "तुझ्याकडं जागाच नाई."

पेंटरभाऊंनी पिशवी चाचपली. जाताना सवयीने वर बोर्डाकडे पाहिलं आणि थांबले.

"शेड उडाली, मिस्त्री. दोन दसरे झाले. मी येतो उद्या, हात देऊन टाकतो."

"नको."

"पैसे नाई घेत बा."

"उडू दे," मिस्त्री म्हणाले.

मला वाटतं, पेंटरभाऊंना त्या दिवशी लागलं असेल तर ते एवढंच. भिंतीवरून त्यांना कोणी काही बोललं असतं तर त्यांच्याकडे उत्तरं होती, सभांमधून आणलेली, पाठ केलेली. उडणाऱ्या शेडसाठी त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. उजव्या हाताची बोटं, ब्रश धरावा तशी, पिशवीच्या बंदावर हलत होती. मग गेले.

पेंटरभाऊंची हरकत नसली तरी अध्यक्षांची होतीच, म्हणून बोर्ड मिळाला नाही. त्या संध्याकाळी जेवणाआधीच मी मानपत्र पुन्हा लिहायला बसलो. काळाच्या पावसाचं वाक्य खोडावं असं वाटलं, खोडलं नाही. त्याखाली एक वाक्य वाढवलं. 'याच हातांनी त्यांनी याच शहरात, ज्या शेजाऱ्याच्या दुकानावर आपलं सर्वांत सुंदर काम केलं, त्याच्याकडे कोणी जाऊ नये असंही लिहिलं आहे, आणि ते अक्षरही सुंदर आहे.' माझ्या मते मी लिहिलेल्या सगळ्या मानपत्रांतलं हे एकमेव वाक्य नाव बदलून दुसऱ्याला वापरता आलं नसतं. अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कार्यक्रमाच्या दिवशी पाहिलं तर वाक्य नव्हतं. छपाई करणाऱ्याने सांगितलं की मजकूर बसत नव्हता. म्हणजे तिथेही जागा नव्हती.

मी उठून गेलो नाही, हेही सांगून टाकतो. तिसऱ्या रांगेत बसलो. चिवडा घेतला.

सत्कार दणक्यात झाला. पेंटरभाऊंना 'अक्षरमहर्षी' म्हटलं गेलं. त्यांच्या हस्तकलेचा गौरव करणारं मानपत्र फ्लेक्सवर छापलेलं होतं, सहा फूट बाय चार, वर त्यांचा हसरा फोटो. मध्यभागी जिथे बोर्ड लागायचा होता तिथे पत्रिकेवरचा बोर्डाचा फोटो मोठा करून लावला होता, तोही फ्लेक्सवर. फोटो फाटल्यासारखा दिसत होता आणि दाबलेली पट्टी कोणती ते कळत नव्हतं. भाषणं चालू असताना पेंटरभाऊ उठले, मानपत्रापाशी गेले आणि त्यांनी शिरोरेखेवरून बोट फिरवलं. मी पुढे झालो, त्यांना पाणी हवं असेल म्हणून.

"हे अक्षर कोणाचं आहे, सर?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचं."

"रेघ जोडली नाई त्यानं. मध्ये मध्ये तुटली आहे." त्यांचा आवाज दुखावलेला होता. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि ती आली याचा रागही आला, आणि दोन्ही खरं होतं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल त्याच कामाचा खून करून शाबासकी दिली जात होती. तो म्हातारा शेजाऱ्याला दारात उभं करू नका असं लिहिणाराच होता. दोन म्हातारे नव्हते.

मिस्त्री आले नव्हते. दुकान उघडं होतं. नाटकांचा हंगाम होता.

त्यानंतर होळी झाली, उन्हाळा झाला, आणि आमच्याकडचा उन्हाळा झाला की माणसं बाकीचं बरंच विसरतात. आषाढ संपता संपता मी मिस्त्रींकडे गेलो होतो. बाहेर दोन दिवस पावसाची झड लागली होती. समोरच्या भिंतीचा चुना पोपडे धरून सुटत होता. वरची ओळ अर्धी गेली होती. या वेळी ती नव्याने लिहायला कोणी आलं नव्हतं. डोळ्यांमुळे की कशामुळे, मला माहीत नाही. ऑटोवाले खूण मात्र तीच सांगतात.

पेंटरभाऊ तेव्हाच आले. श्रावणाआधी त्यांच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला होता, आणि चंद्रपुरात भाता बसवणारा माणूस एकच आहे. त्यांनी पेटी पायरीवर ठेवली. पावसापासून वाचवायला ती एका मोठ्या फ्लेक्समध्ये गुंडाळून सुतळीने बांधली होती. मिस्त्रींनी सुतळी सोडली. फ्लेक्स उलगडला तसा आधी हसरा फोटो दिसला, मग 'अक्षरमहर्षी', मग काळाच्या पावसात टिकून राहणारी माझी थोर कलाकृती.



मिस्त्रींनी पेटी उघडली, भात्यावर बोट फिरवलं, एक पट्टी दाबून कान जवळ नेला. काळी दोन. हवा नव्हती, सूर आला नाही.

"कधी देशील?" पेंटरभाऊंनी विचारलं.

"नंबर लागल तेव्हा. पुढं सहा मंडळं आहेत."

"श्रावण लागून राह्यला, मिस्त्री."

"त्यायलेही श्रावणच लागून राह्यला."

पेंटरभाऊ मान हलवून गेले. बोर्डाकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा मी पाहत असताना पाहिलं नाही. मिस्त्रींनी पेटीला चिठ्ठी बांधली आणि ती रांगेत सातवी ठेवली. सातव्या नंबरला ती दुरुस्त झाली आणि गेली.

फ्लेक्स मिस्त्रींनी ठेवून घेतला. दुकानाच्या मागच्या खोलीत कौलं फुटली आहेत, तिथे तो उलटा करून ताणून बांधला आहे. त्याच्याखाली दुरुस्तीला आलेल्या पेट्या असतात. पाणी येत नाही.